भिंतीवरचा नंबर

'गुप्तरोग' हा शब्द मी पहिल्यांदा वाचला तो लोकलच्या खिडकीतून. रुळांकडेच्या भिंतीवर पिवळ्या रंगावर लाल अक्षरं. वर 'निराश होऊ नका', मध्ये 'शर्तिया इलाज', खाली टेलिफोन नंबर. वय असेल आठ-नऊ. आईला अर्थ विचारला तर ती म्हणाली, "डोकं आत घे, खांब येतोय." खांब वगैरे काही येत नव्हता. आपल्याकडे बहुतेक घरांत या विषयावरचं पहिलं उत्तर असंच मिळतं, आणि दुसरं मग त्या भिंतीवरून.

भिंतीवरचा तो मजकूर बेकायदा आहे, आणि तोही थेट १९५४ पासून. औषधं आणि चमत्कारी उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा कायदा त्या वर्षी झाला. लैंगिक शक्ती वाढवण्याची, पाळीच्या तक्रारी दूर करण्याची, गरमी-परमा बरा करण्याची जाहिरात करायला त्यात बंदी आहे. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. कायद्याने सत्तरी ओलांडली. भिंती मात्र दर पावसाळ्यानंतर नव्याने रंगतात. आता भिंतीच्या जोडीला मोबाइलचा पडदा आला आहे आणि नंबरापुढे व्हॉट्सॲपचं हिरवं चिन्ह लागलं आहे, एवढाच काय तो फरक.

या लेखाच्या निमित्ताने अशा एका नंबरावर फोन केला. पलीकडच्या गृहस्थाने अतिशय आपुलकीने हिंदीत तीन प्रश्न विचारले: वय काय, लग्न झालंय का, काम काय करता. तक्रार काय आहे हे विचारायचं त्याच्या लक्षातच आलं नाही. मीच आठवण करून दिली, तेव्हा म्हणाला, "वो सब ठीक हो जाएगा, आप पहले कोर्स तो शुरू करो." कोर्स एक्केचाळीस दिवसांचा. रक्कम बहुधा तिसऱ्या उत्तरावरून ठरत असावी, कारण 'वर्तमानपत्रात लिहितो' म्हटल्यावर ती एकदम निम्म्यावर आली.

मग १०९७ लावला. ही सरकारची एचआयव्हीसाठीची हेल्पलाइन. पैसे पडत नाहीत, हिंदी-इंग्रजीसोबत प्रादेशिक भाषांतही बोलता येतं. मी कोण हे सांगून टाकलं आणि "समजा एखाद्याला..." अशी सुरुवात केली. पलीकडच्या मुलीने नाव-गाव काही विचारलं नाही, पण तारीख विचारली. किती दिवस झाले? निरोध होता का? फाटला का? जोडीदाराची तपासणी झाली आहे का? मला उत्तराची घाई होती आणि ती प्रश्नांमागून प्रश्न विचारत होती. तेव्हा जरा वैताग आला. नंतर कळलं की या विषयात तारखेशिवाय कुठलंही उत्तर देणारा माणूस एकतर अडाणी असतो नाहीतर विक्रेता.

कारण तारखेवर सगळं ठरतं. संबंधाला तीन दिवस उलटले नसतील, तर संसर्ग रोखण्यासाठी अठ्ठावीस दिवसांचा गोळ्यांचा उपचार सुरू करता येतो. मुदत बहात्तर तासांची, पण शुक्रवारी रात्री काही घडलं असेल तर सोमवारची वाट पाहायची नसते; जितकं लवकर तितकं बरं. तीन दिवस होऊन गेले असतील तर मग तपासणी, आणि तपासणीला धीर धरावा लागतो. संसर्ग झाल्यावर रक्तात प्रतिपिंडं तयार व्हायला वेळ लागतो. म्हणून दुसऱ्या दिवशी घाबरून केलेली चाचणी 'नॉन रिॲक्टिव्ह' आली तरी तिचा अर्थ फारसा काही नसतो. प्रयोगशाळेतल्या नव्या चाचण्या साधारण दीड महिन्यात खात्रीचं सांगतात. सरकारी केंद्रात बोटाच्या टोकावरून किंवा शिरेतून रक्त घेऊन जी झटपट चाचणी होते, ती तीन महिन्यांनी पुन्हा करायला सांगतात. या मधल्या तीन महिन्यांत माणूस किती वेळा मोबाइल उघडतो आणि काय काय वाचतो, त्याचा हिशेब कोणी ठेवत नाही. भिंतीवरच्या नंबराचा खरा हंगाम तोच.

या विषयाचा आढावा घ्यायला बसलो तेव्हा माझी समजूत होती की खात्रीची माहिती आपल्याकडे दुर्मीळ आहे. ती समजूत टिकली नाही. एचआयव्हीबद्दलची माहिती आपल्याकडे चांगली आहे, फुकट आहे आणि बहुतेक तालुक्यांत एका एसटीच्या अंतरावर आहे. पण लोकांची झोप उडवणारे प्रश्न बऱ्याचदा एचआयव्हीचे नसतातच. एड्सच्या धाकाने सरकारला वाचा फुटली, ती एड्सपुरतीच फुटली. बाकीचं सगळं पूर्वीप्रमाणे भिंतीकडे राहिलं.

मराठीला या विषयावर बोलणं नवं नाही, आणि आपण काही कोऱ्या पाटीवर लिहितो आहोत असंही नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्यापायी विल्सन कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी सोडली आणि १९२७ च्या जुलैपासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं, ते १९५३ मध्ये डोळे मिटेपर्यंत. गुप्तरोगांवरही त्यांनी लिहिलं. पण त्यांचं खरं धाडस मला दिसतं ते वाचकांच्या पत्रांना उत्तरं देण्यात. लोक हस्तमैथुनाबद्दल, समलिंगी आकर्षणाबद्दल विचारत आणि हा माणूस गणित सोडवावं तितक्या थंडपणे उत्तर देई. १९३४ चा अश्लीलतेचा खटला याच प्रश्नोत्तरांवरून झाला. कर्व्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक विषयावर लिहिलं म्हणून ते लिखाण अश्लील ठरत नाही, असा त्यांचा मुद्दा होता. तो कोर्टाने मानला नाही आणि कर्व्यांना दंड झाला.  विचारणाऱ्याला उत्तर देणं नडलं.

तरी ती परंपरा अगदी तुटली नाही. डॉ. विठ्ठल प्रभूंचं 'निरामय कामजीवन' कित्येक घरांत कपाटात कपड्यांच्या घडीखाली सापडायचं. लग्नाआधी मोठ्या भावाने धाकट्याला न बोलता द्यायचं पुस्तक ते. मुंबईत डॉ. महिंदर वत्सांनी ऐंशी वर्षांचे झाल्यावर, २००५ पासून, इंग्रजी वर्तमानपत्रात सदर चालवलं आणि २०२० मध्ये शहाण्णवाव्या वर्षी जाईपर्यंत अत्यंत चमत्कारिक प्रश्नांना दोन-तीन ओळींत उत्तरं दिली. लोक ती उत्तरं विनोद म्हणून वाचत. मी नीट वाचली तेव्हा जाणवलं की विनोद प्रश्नकर्त्याच्या खर्चाने कधीच होत नसे, आणि अर्ध्याहून अधिक प्रश्नांचं सार एकच असे: मी सर्वसाधारण आहे ना?

हा प्रश्न एचआयव्हीच्या कुठल्याही पत्रकात नसतो. झोपेत वीर्यपात होतो, लघवीतून धातू जाते, त्याने अशक्तपणा येतो, या भीतीचं इतकं मोठं पीक आपल्या उपखंडात आहे की मानसोपचारतज्ज्ञ नरेंद्रनाथ विग यांनी १९६० मध्ये तिला 'धात सिंड्रोम' असं नावच दिलं. रक्ताच्या इतक्या थेंबांतून वीर्याचा एक थेंब बनतो, हे गणित आजही अभियांत्रिकीच्या वसतिगृहात ऐकू येतं. झोपेतला वीर्यपात ही नैसर्गिक गोष्ट आहे आणि त्याने अशक्तपणा येत नाही, हे सांगायला एक मिनिट पुरतं. भिंतीवाला ते सांगत नाही, कारण त्या एका मिनिटाचे पैसे मिळत नाहीत.

बायकांच्या बाबतीत गोष्ट आणखी खोल जाते, कारण तिथे भिंतीवर नंबरसुद्धा नाही. 'अंगावर पांढरं जातं' हे तीन शब्द गावातली बाई सासूला, जावेला, फार तर आशाताईला सांगते, आणि उत्तर ठरलेलं: उष्णता आहे, धने-जिऱ्याचं पाणी पी. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० बायकांची तपासणी केली. तो अभ्यास १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. ९२ टक्के बायकांना जननेंद्रियांचा किंवा लैंगिक स्वरूपाचा काही ना काही आजार निघाला. त्याआधी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. सरकारला तोवर बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि नसबंदी एवढंच दिसत होतं. राणी बंग यांनी बायकांशी बोलून जे ऐकलं त्याचं 'कानोसा' हे पुस्तक झालं, आणि मुलामुलींसाठी 'तारुण्यभान' ही शिबिरं सुरू झाली.

उत्तर न मिळाल्याची किंमत केवढी असते ते तीस वर्षांनी बीडमध्ये दिसलं. ऊसतोडीला जाणाऱ्या बायका. पांढरं जातं, ओटीपोटात दुखतं, पाळीच्या चार दिवसांत रजा घेतली तर मुकादम दंड कापतो. खासगी दवाखान्यात गेलं की पिशवी खराब झाली, काढली नाही तर कॅन्सर होईल, असं सांगितलं जाई. २०१९ मध्ये गाजावाजा झाल्यावर सरकारने पाहणी केली. ८२ हजारांवर ऊसतोड महिलांत १३ हजारांहून जास्त बायकांची गर्भाशयं काढलेली निघाली. त्यांतल्या कितीजणींना खरोखर शस्त्रक्रिया लागत होती हा वाद तज्ज्ञांनी घालावा. मला वाईट वाटतं ते हे की त्यांतल्या बऱ्याच जणींच्या मूळ तक्रारीवर, म्हणजे योनिमार्गाच्या साध्या संसर्गावर, सरकारी दवाखान्यात गोळ्यांचं एक पाकीट फुकट मिळतं.

त्या पाकिटाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण ते पाहिलेली माणसं फार थोडी. जिल्हा रुग्णालयात आणि काही उपजिल्हा रुग्णालयांत 'सुरक्षा क्लिनिक' नावाची खोली असते. लिंगसांसर्गिक आणि जननमार्गाच्या आजारांसाठीची. तिथल्या कपाटात सात रंगांची पाकिटं असतात. पुरुषाच्या लघवीच्या जागेतून पू येत असेल तर राखाडी, बाईच्या अंगावरून जात असेल आणि खाज असेल तर हिरवं, गुप्तांगावरच्या जखमेसाठी पांढरं, नागिणीच्या जातीचे फोड असतील तर लाल, ओटीपोटातल्या दुखण्याला पिवळं. लक्षणावरून रंग ठरतो, म्हणजे प्रयोगशाळा नसली तरी उपचार अडत नाही. जोडीदारालाही औषध देतात, नाहीतर आठ दिवसांत आजार परत घरी. एका तालुक्याच्या गावी औषध वाटणाऱ्या भाऊंनी मला कपाट उघडून दाखवलं. हिरव्या पाकिटांचा खप सर्वांत जास्त, म्हणाले, "पण बाया येतात त्या सहा महिने अंगावर काढून." खोलीच्या दारावर मोठ्या अक्षरांत 'गुप्तरोग विभाग' असा जुना फलक होता, नवा 'सुरक्षा'चा कागद त्याच्याखाली चिकटवलेला. समोर केसपेपरची रांग. त्या रांगेत ओळखीचं कोणी असेल तर कोण त्या दारात शिरेल?

आता एचआयव्हीकडे. इथे चित्र वेगळं आहे, आणि ते वेगळं होण्यामागे भांडण आहे. १९८६ मध्ये चेन्नईत डॉ. सुनीती सोलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी देशातला पहिला संसर्ग शोधला. पुढच्या काही वर्षांत सरकारने लोकांना माहिती दिली ती भीतीच्या रूपात, कवटी आणि हाडांच्या चित्रांसकट. गोव्यात १९८९ च्या फेब्रुवारीत डॉमिनिक डिसोझा या तरुणाला पोलिसांनी बोलावून घेतलं. तो नियमित रक्तदान करायचा. त्या रक्तात विषाणू सापडला होता. आपल्याला झालंय काय हे त्याला धड कोणी सांगितलं नाही, ते कळलं रुग्णालयातल्या नोंदवहीतली अक्षरं वाचून. मग क्षयरोग्यांच्या जुन्या बंद इमारतीत चौसष्ट दिवस एकटा डांबलेला, कारण गोव्याच्या कायद्यात तशी तरतूद होती. आई लुसी डिसोझा मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे गेल्या. डॉमिनिक सुटला, पण नोकरी गेली होती. १९९२ मध्ये तो वारला, त्याच वर्षी त्याच्या पुढाकाराने 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था उभी राहिली होती. पुढे १९९७ मध्ये याच उच्च न्यायालयाने दुसऱ्या एका प्रकरणात सांगितलं की केवळ एचआयव्ही आहे म्हणून धडधाकट कामगाराला नोकरी नाकारता येणार नाही, आणि अर्जदाराला नाव झाकून भांडू दिलं. नाव झाकायची परवानगी ही छोटी गोष्ट वाटेल. ती नसती तर पुढचे कित्येक जण कोर्टाची पायरीही चढले नसते.

या सगळ्या भांडणातून २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा आला, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू. समजावून सांगून संमती घेतल्याशिवाय चाचणी करायची नाही, निकाल परस्पर कोणाला सांगायचा नाही, नोकरी-शाळा-उपचार-भाड्याचं घर नाकारायचं नाही. शंभर किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेत, आणि दवाखाना असेल तर वीस किंवा जास्त, तक्रार ऐकणारा अधिकारी नेमायचा. कायदा उत्तम आहे. गेल्या वर्षी आमच्या एका नातेवाइकाच्या हर्नियाच्या शस्त्रक्रियेआधी खासगी रुग्णालयात रक्ताच्या सात तपासण्यांची यादी आली, त्यात चौथी एचआयव्हीची. कोणी काही विचारलं नाही. अहवाल सगळे एकत्र स्टेपल करून अकरावीतल्या पुतण्याच्या हातात दिले. काही निघालं नव्हतं म्हणून ठीक. निघालं असतं तर ते घरात सर्वांत आधी त्या पोराला कळलं असतं, तेही मोटरसायकलवर.

याच्या उलट सरकारी केंद्रातली पद्धत. एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र, तोंडी 'आयसीटीसी'. चाचणीआधी समुपदेशक बोलतात, मग संमती, मग रक्त, निकाल बहुधा त्याच दिवशी, आणि निकाल काहीही आला तरी पुन्हा बोलणं. पहिली चाचणी 'रिॲक्टिव्ह' आली म्हणून कोणाला पॉझिटिव्ह ठरवत नाहीत. वेगवेगळ्या तीन किटांवर खात्री करतात. निश्चित झालं की एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरच्या औषधांच्या, केंद्राकडे. मोफत औषधं १ एप्रिल २००४ पासून सुरू झाली, सुरुवातीच्या आठ केंद्रांत मुंबईचं जे. जे. रुग्णालय होतं. तेव्हा रक्तातल्या संरक्षक सीडी फोर पेशी अमुक आकड्याखाली जाईपर्यंत गोळ्या मिळत नसत. २०१७ पासून ती अट गेली: निदान झालं की उपचार. आता बहुतेकांना रोजची एकच गोळी. २०२१ च्या सरकारी अंदाजाप्रमाणे देशात साधारण २४ लाख माणसं एचआयव्हीसह जगतात, त्यांतली जवळपास ३ लाख ९४ हजार महाराष्ट्रातली, म्हणजे कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. सगळं सुरळीतच चालतं असं समजू नये. २०२२ च्या जुलैत औषधं अपुरी पडू लागली तेव्हा दिल्लीत याच माणसांना राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेच्या दारात महिनाभराहून जास्त बसावं लागलं.

या प्रवासातली सर्वांत मोठी बातमी मात्र लोकांपर्यंत पोचलीच नाही, आणि तिच्यात पुण्याचा वाटा आहे. एकाला एचआयव्ही आणि दुसऱ्याला नाही अशा १,७६३ जोडप्यांवर नऊ देशांत एक अभ्यास झाला. भोसरीची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था त्यात होती. २०११ मध्ये निष्कर्ष आला: लवकर औषध सुरू केलं तर जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटते. नंतरच्या युरोपातल्या अभ्यासांनी पुढचं पाऊल टाकलं. गोळ्या नियमित चालू आहेत आणि रक्तात विषाणू मोजण्याइतका सापडत नाही, अशा माणसाकडून लैंगिक संबंधातून लागण झाल्याचं एकही उदाहरण मिळालं नाही. एआरटी केंद्रातली जुनी मंडळी आपसात 'टीएनडी आलं' म्हणतात, म्हणजे विषाणू सापडला नाही. चेहऱ्यावर दहावीचा निकाल लागल्याचा आनंद असतो. पण लग्नाच्या बोलणीत, सोसायटीच्या बैठकीत, अगदी काही डॉक्टरांच्या डोक्यातही अजून कवटी आणि हाडंच आहेत. या गोळीचीच धाकटी बहीण म्हणावी अशी, संसर्ग नसलेल्याने आधीच घ्यायची प्रतिबंधक गोळीही आहे. २०२२ मध्ये सरकारने तिची मार्गदर्शक तत्त्वं काढली. माझ्या ओळखीच्या तीन फॅमिली डॉक्टरांना मी विचारलं. दोघांनी तिचं नाव ऐकलंच नव्हतं.

माहिती कोण कोणाला सांगतो यावर ती किती पोचते हे ठरतं, याचा चांगला धडा सांगलीत आहे. मीना सेषू यांच्या 'संग्राम'ने १९९२ पासून वेश्याव्यवसायातल्या बायकांनाच सांगणाऱ्या केलं. निरोध कसा वापरायचा, नकार देणाऱ्या गिऱ्हाइकाला काय बोलायचं, सरकारी डॉक्टर नीट हात लावत नसेल तर काय करायचं, हे त्या बायकांनी एकमेकींना शिकवलं आणि पुढे 'व्हॅम्प' नावाची स्वतःची संघटना बांधली. मुंबईत अशोक राव कवी यांनी १९९० मध्ये समलिंगी माणसांसाठी 'बॉम्बे दोस्त' हे नियतकालिक काढलं आणि १९९४ मध्ये 'हमसफर ट्रस्ट' सुरू केला. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी 'समपथिक' उभी केली आणि समलिंगी माणसांच्या प्रश्नांवर सरळ, घरगुती मराठीत लिहिलं. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ ची तलवार २०१८ पर्यंत डोक्यावर होती, त्या काळात. आपल्या मुलाबद्दल कळल्यावर गोंधळलेल्या आईला इंग्रजी संकेतस्थळ काय कामाचं? एचआयव्हीसह जगणाऱ्यांनीही स्वतःची जाळी विणली आहेत. नवीन निदान झालेल्याला गोळ्यांचे साइड इफेक्ट डॉक्टरपेक्षा त्यांच्यातला एखादा दादा जास्त नीट सांगतो, कारण चक्कर त्यालाही आलेली असते.

शाळांचा विषय थोडक्यात संपवतो, कारण तिथे सांगण्यासारखं थोडंच आहे. किशोरवयीनांसाठीचा शिक्षण कार्यक्रम आला, २००७ मध्ये विधिमंडळात संस्कृती बुडाल्याची ओरड झाली आणि महाराष्ट्राने तो थांबवला. चित्रं जास्त उघडी होती म्हणे. त्यानंतर जे काही झालं ते 'जीवनकौशल्य' अशा गुळमुळीत नावाने. सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी 'मैत्री क्लिनिक' आहेत, पण अठराच्या आतल्या मुलामुलीने तिथे मनातलं बोलायचं तर मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवण्यासाठी केलेल्या पॉक्सो कायद्याचीच अडचण होते. संबंधांचं कळलं की पोलिसांना कळवणं बंधनकारक. मुलगी एका प्रश्नाचं उत्तर मागायला येते आणि तिच्या मित्रावर गुन्हा दाखल होतो. समुपदेशक बायका मग आधीच सावध करतात, "बघ हं, मला काही सांगितलंस तर..." पुढचं वाक्य मुलगी ऐकत नाही.

राहिला मोबाइल. तिथे आता मराठीतही चांगलं सापडतं. पुण्याच्या 'तथापि'सारख्या संस्थांनी लैंगिकतेवर मराठीत लिहून ठेवलं आहे, काही स्त्रीरोगतज्ज्ञ रिळांमधून बरं बोलतात. पण शोधायचं तर शब्द हवा, आणि घोडं तिथेच अडतं. आपल्याकडे या अवयवांना दोनच प्रकारची नावं: एक संस्कृतातली, एक शिवीतली. मधलं, घरात उच्चारता येईल असं काही नाही. पोरगा शोधताना संस्कृत लिहीत नाही. तो शिवी लिहितो, आणि शिवीला जे सापडायचं ते सापडतं. आता तर यंत्राला प्रश्न टाकला की ते क्षणात अस्खलित मराठीत उत्तर देतं. उत्तर पुष्कळदा बरोबरही असतं. पण मी त्याला मुद्दाम अर्धवट प्रश्न टाकला, "भीती वाटतेय, टेस्ट केव्हा करू?" तर त्याने तारीख न विचारता चार परिच्छेद लिहिले. १०९७ वरची मुलगी आठवली.

आमच्या इमारतीतला एक मुलगा आहे, चोवीस-पंचवीसचा. एका संध्याकाळी जिन्यात थांबवून म्हणाला, "काका, तुम्ही त्या विषयावर लिहिताय ना, मग एक विचारायचं होतं." विचारलं मात्र काहीच नाही. दोन दिवसांनी मीच त्याला जिल्हा रुग्णालयात घेऊन गेलो. दोन घटना होत्या, चार महिन्यांपूर्वीच्या. समुपदेशक ताईंची खोली अरुंद, एक लोखंडी टेबल, खणात लिंगाचा लाकडी नमुना आणि निरोधची पाकिटं, भिंतीवर फिकट पडलेलं लाल फितीचं पोस्टर. मी बाहेर बाकड्यावर. शेजारी एक गरोदर बाई सासूबरोबर बसली होती; तिचीही तीच तपासणी, गरोदरपणात सगळ्यांचीच करतात. सासू मला दोनदा निरखून बघून झाली.

दीड तासाने निकाल आला. तो बाहेर आला तेव्हा चेहऱ्यावर रक्त परत आलेलं होतं. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "चला काका." जिन्यापर्यंत गेलो. मग थांबला, "एक मिनिट" म्हणाला आणि परत फिरला. दार अर्धवट उघडं होतं. त्याचा आवाज ऐकू आला, मघापेक्षा हळू:

"मॅडम, ते दुसरं एक होतं. एचआयव्हीचं नाहीये ते. ते... झोपेत होतं ना, त्याने..."

आत पुढच्या बाईचा केसपेपर टेबलावर आलेला असणार. ताईंनी तो बाजूला सरकवल्याचा आवाज झाला.

"बस," त्या म्हणाल्या. "किती वर्षं झाली, हे डोक्यात घेऊन फिरतोयस?"